‘नांय’ म्हणजे नाही नव्हे: अक्षरं सरकवून लिहिलेली ओळ कशी वाचायची

अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या पुस्तकांच्या गठ्ठ्यातून आणलेलं एक अंकगणिताचं पुस्तक. शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहिलेली एकच ओळ:

कंफ्वाघागी भश्सधीझ्वा भावशीसश नांय

घरात जो तो आपापलं मत देऊन गेला. मावशीचं सासर मालवणचं, त्यामुळे तिच्या दृष्टीने शेवटच्या शब्दात कोडं असं काही नव्हतंच. “नांय म्हणजे नाही, एवढं कळत नाही होय रे?” भाच्याने फोनवर एक डीकोडर शोधला, ओळ त्यात टाकली, आणि ती जशीच्या तशी बाहेर आली. ते बहुतेक डीकोडर इंग्रजीची २६ अक्षरं सोडून दुसरं काही ओळखत नाहीत. देवनागरी दिसली की ते विरामचिन्हासारखी बाजूला ठेवतात.

ओळ सोडवायला कागद, पेन्सिल आणि वर्णमाला पुरते. शक्यता तपासून पाहणं हे यातलं सगळ्यात सोपं काम आहे, कुणी चिकाटीने बसलं तर चहा निवायच्या आत होतं. अवघड प्रश्न पुढचा: हाती आलेलं उत्तर खरंच उत्तर आहे, की आपल्याला हवं ते आपण त्यात वाचतोय?

आधी हे पाहावं की समोर आहे ते सांकेतिक लिखाण आहे तरी का. पुण्यात हा प्रश्न जरा जास्तच येतो, कारण वाड्यांच्या माळ्यांवरून निघालेले मोडीतले कागद पाहून ‘गुप्त लिपी सापडली’ म्हणणारे इथे कमी नाहीत. मोडी गुप्त नाही, ती फक्त आपण विसरलो. दुसरा प्रकार जुन्या संगणकांवरच्या मराठीचा. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला संगणकात ठरावीक क्रमांक देणारा तक्ता, रुळायच्या आधीचे मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरी आकार बसवून चालत. ती फाइल आज त्या फॉन्टशिवाय उघडली की लग्नपत्रिकेच्या मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा गिचमिड काला दिसतो. ती फाइलही खरं तर एक संकेतच असते, फक्त तो कुणी मुद्दाम केलेला नसतो. योग्य तक्ता मिळाला की ती सरळ वाचता येते.

आपली ओळ यातली नाही. तिच्याकडे नीट पाहा. ‘भश्सधीझ्वा’ तोंडात बसत नाही. श्स, झ्व, फ्व ही जोडाक्षरं मराठीत शोधून सापडायची नाहीत. पण काने, वेलांट्या, अनुस्वार मात्र अगदी घरच्यासारखे जागच्या जागी आहेत. शब्दांची लांबी नेहमीची आहे. म्हणजे लिहिणाऱ्याने मात्रांना हात लावलेला नाही, फक्त व्यंजनं बदलली आहेत. निम्मं काम इथेच झालं.

तीन घरं पुढे

व्यंजनं बदलायची सगळ्यात जुनी आणि सगळ्यात आळशी युक्ती म्हणजे वर्णमालेत प्रत्येक अक्षराऐवजी ठरावीक घरं पुढचं अक्षर लिहायचं. रोमचा ज्युलियस सीझर खासगी पत्रांत हेच करायचा, असं त्याचा चरित्रकार सुएटोनियस लिहून गेला आहे: प्रत्येक अक्षराऐवजी पुढचं तिसरं. म्हणून या प्रकाराला आजही सीझरचंच नाव आहे. त्याचा वारस ऑगस्टस आणखी आळशी. तो एकच घर सरकायचा, आणि शेवटच्या अक्षराला पुढे घर नाही म्हणून त्याच्याऐवजी ‘ए’ दोनदा लिहायचा. वर्णमाला संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरू करता येते, ही गोष्ट त्याने वापरली नाही. आपण वापरू.

मराठीत हे करायचं तर आधी घरं मोजायला हवीत. क ते म ही पाच-पाचच्या पाच वर्गांतली २५ व्यंजनं, मग य र ल व, श ष स ह, आणि शेवटी ळ. एकूण ३४. क्ष आणि ज्ञ ही जोडाक्षरं आहेत, तेव्हा त्यांना वेगळं घर द्यायचं नाही, फोडून वापरायचं: क आणि ष, ज आणि ञ. लिहिणाऱ्याने ती वेगळी धरली असतील तर घरं ३६ होतात आणि सगळा हिशेब बदलतो. इंग्रजीत ही भानगड नाही. तिथे २६ म्हणजे २६. मराठीत संकेत फोडणाऱ्याने आधी लिहिणाऱ्याची शाळा ओळखायची असते.

आता तीन घरं पुढे गेलं तर क चा घ होतो, च चा झ, त चा ध, प चा भ. शेवटाकडे स चा क, ह चा ख आणि ळ चा ग, कारण ळ नंतर पुन्हा क येतो. ‘आहे’ लिहायचं असेल तर ‘आखे’ होतं. ‘आणि’ चं होतं ‘आदि’, म्हणजे चक्क दुसरा मराठी शब्द. हा शेवटचा प्रकार लक्षात ठेवा, तो पुढे त्रास देणार आहे.

मोजत बसायचा कंटाळा असेल तर कागदाच्या दोन पट्ट्या कापा. एकीवर ३४ व्यंजनं एकदा लिहा, दुसरीवर सलग दोनदा. दुसरी पट्टी पहिलीच्या खाली धरून सरकवत राहिलं की प्रत्येक जागेला एक वेगळा संकेत तयार होतो. जागा एकूण ३४, त्यातली एक म्हणजे मूळ मजकूरच. म्हणजे तपासायच्या शक्यता फक्त ३३. कुलपाला ३३ किल्ल्यांचा जुडगा असेल आणि तो कुलपाशेजारीच खिळ्याला टांगलेला असेल, तर त्या कुलपाला किती मान द्यायचा ते तुम्हीच ठरवा.

सुरुवात सगळ्यात छोट्या शब्दापासून करू. ‘नांय’ मध्ये न आणि य ही दोनच व्यंजनं आहेत. दोन्ही एकेक घर मागे नेत जायचं:

धांम, दांभ, थांब, तांफ, णांप, ढांन, डांध, ठांद, टांथ, ञांत, झांण…

तिसऱ्याच घरावर ‘थांब’ आलं. बहुतेक लोक इथे पेन्सिल खाली ठेवतात. ठेवू नका, पुढे जात राहा. बराच वेळ नुसता कचरा येतो: छांड, चांठ, खांज, कांछ. मग ‘सांघ’, ‘वांक’ असं ओळखीचं वाटणारं पण नसलेलं काहीतरी. आणि अठ्ठाविसाव्या घरावर येतं ‘यांस’. जुन्या पत्रांच्या मायन्यातला अस्सल मराठी शब्द. “अमुकतमुक यांस, सप्रेम नमस्कार.” पेन्सिलीने लिहिलेली जुनी ओळ, जुनं पुस्तक, त्यात ‘यांस’ शोभूनही दिसतो.

म्हणजे दोन व्यंजनांच्या एका शब्दाची तीन वाचनं झाली. काहीच न सरकवता मावशीचं ‘नांय’, तीन घरांवर ‘थांब’, अठ्ठावीस घरांवर ‘यांस’. नुसत्या शब्दाकडे बघून यातलं खरं कुठलं ते कुणालाही सांगता येणार नाही. तो एक शब्द पुरेसा पुरावाच नाही.

पुरावा शेजारच्या शब्दात आहे. ‘भावशीसश’ अठ्ठावीस घरं मागे नेलं की येतं ‘शाकखीघख’. यांस बाद. तीन घरं मागे नेलं की भ चा प, व चा य, श चा र, स चा व, आणि शेवटी पुन्हा श चा र: ‘पायरीवर’. पाच व्यंजनं एकाच अंतराने मागे नेली आणि पाचही मिळून एक धड शब्द झाला, तोही ‘वर’ हा प्रत्यय घेऊन. हा योगायोग असायची शक्यता उरत नाही.

खरं तर एवढं सगळं न करताही ओळ फुटली असती. जरा चलाख माणूस ‘नांय’ कडे बघतच नाही, तो ‘झ्वा’ कडे बघतो. मराठीत शब्दाच्या शेवटी जोडाक्षर आणि त्याला काना असेल तर पहिला संशय ‘च्या’ वर घ्यावा. घराच्या, पुण्याच्या, त्याच्या, कुणाच्या: आपल्याला ‘च्या’ शिवाय चार वाक्यं बोलता येत नाहीत. ‘झ्वा’ म्हणजे ‘च्या’ असेल तर च चा झ झाला, म्हणजे तीन घरं. य चा व झाला, म्हणजेही तीनच घरं. दोन वेगवेगळ्या अक्षरांनी एकच आकडा सांगितला. पट्टी एकदाच सरकवायची आणि वाचत सुटायचं:

संध्याकाळी पर्वतीच्या पायरीवर थांब

पर्वतीला शंभरावर पायऱ्या आहेत, त्यातली कुठली हे लिहिणाऱ्याने सांगितलेलं नाही. वाचणाऱ्याला ती ठाऊक असणार. संकेत त्यांनी फारसा भक्कम केला नव्हता, पण घरच्यांपासून लपवायला तेवढा पुरला असेल.

संगणकाचं तीन आणि कागदाचं तीन

हेच काम प्रोग्रॅम लिहून करायला बसलात तर एक खड्डा आहे, आणि मराठीसाठी प्रोग्रॅम लिहिणारा जवळजवळ प्रत्येक जण त्यात एकदा पाय घालतो. संगणकात प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. त्यात तीन मिळवले की तीन घरं पुढचं अक्षर मिळेल असं वाटतं. इंग्रजीत मिळतंही. देवनागरीच्या युनिकोड तक्त्यात मात्र आपल्या वर्णमालेत नसलेली काही अक्षरं मध्येच बसलेली आहेत. न नंतर खाली टिंब दिलेला ऩ आहे, र नंतर ऱ आहे, आणि ल नंतर लगेच ळ, मग टिंब दिलेला ऴ, आणि मग व. यातला ऱ आपण ‘पायऱ्या’ लिहिताना वापरतो, बाकीचे दोन मराठी माणसाला जन्मात लागत नाहीत. क पासून ह पर्यंत त्या तक्त्यात ३४ ऐवजी ३७ घरं भरतात.

त्यामुळे होतं काय, की ‘थांब’ संगणकाने तीन घरं सरकवला तरी ‘नांय’ च येतो. चाचणी उत्तम पास. पण ‘पायरीवर’ चं कागदावर होतं ‘भावशीसश’ आणि संगणकावर होतं ‘भालळीसळ’. एक शब्द बरोबर, शेजारचा चूक, आणि चूक कुठे आहे ते दिसत नाही. म्हणून प्रोग्रॅममध्ये क्रमांकांवर विसंबायचं नाही. आपली ३४ अक्षरांची माळ हाताने लिहून द्यायची आणि त्या माळेतली जागा शोधायला लावायची. उलटंही खरं आहे. कोडं हल्लीच्या कुणा पोराने घातलं असेल तर ते संगणकाच्या तक्त्याने सरकवलेलं असू शकतं, आणि मग आपल्या कागदी पट्ट्यांवर ते कधीच जुळणार नाही. शिवाय मुलं बरेचदा मराठी इंग्रजी लिपीत लिहितात आणि मग २६ घरांच्या चक्रात फिरवतात. समोर इंग्रजी अक्षरं आहेत म्हणून मजकूर इंग्रजीच निघेल असं धरून चालू नये.

३४ ही सम संख्या असल्याने एक गंमत मराठीलाही करता येते. इंग्रजीत १३ घरं सरकवलं की संकेत, आणि पुन्हा १३ सरकवलं की मूळ मजकूर. इंटरनेटच्या सुरुवातीच्या काळात विनोदाचा शेवट किंवा कोड्याचं उत्तर चुकून वाचलं जाऊ नये म्हणून ते असं लिहायची पद्धत होती. मराठीत हा आकडा १७. क चा द आणि द चा क, म चा ज आणि ज चा म, न चा ग आणि ग चा न. जोड्या ठरलेल्या.

आता या सतराच्या चक्रात ‘मन’ घालून पाहा. येतं ‘जग’. ‘जन’ घाला, येतं ‘मग’. ‘नाग’ घातला तर ‘गान’. मन आणि जग यांचं असं गणिती नातं निघालं म्हटल्यावर एखाद्या कीर्तनकाराला अर्धा तास पुरेल एवढा मजकूर मिळाला. त्यात अर्थ मात्र शून्य आहे. आपल्या पूर्वजांनी वर्णमाला उच्चाराच्या जागेप्रमाणे लावली, तत्त्वज्ञानाप्रमाणे नाही.

जगभर हेच चालतं. १९६८ च्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ या चित्रपटातल्या संगणकाचं नाव ‘हॅल’. त्याची तिन्ही इंग्रजी अक्षरं, एच-ए-एल, एकेक घर पुढे नेली की आय-बी-एम मिळतं, संगणक बनवणाऱ्या कंपनीचं नाव. लेखक आर्थर क्लार्क यांनी हा निव्वळ योगायोग आहे असं सांगितलं, तरी लोक आजही ही गोष्ट डोळे मिचकावत सांगतात.

असं का होतं, याचा हिशेब करता येतो. मात्रा नसलेली दोन व्यंजनं घेतली तर ३४ गुणिले ३४, म्हणजे १,१५६ जोड्या होतात. घर, मन, जग, वन, रस, दम, नख, पट, कर, सर… यातल्या कितीतरी जोड्या मराठी शब्द आहेत. समजा दहात एक जोडी शब्द निघाली, तर ३३ वेळा सरकवताना तीनेक शब्द आपोआप उगवणारच. पण चार व्यंजनं घेतली की शक्यता होतात १३,३६,३३६. मराठीत मात्रा नसलेले चार अक्षरी शब्द त्या मानाने चिमूटभर. तिथे चुकून धड शब्द उगवला तर नवल. शब्द जितका लांब, तितकं उत्तर विश्वासाचं. अमेरिकी गणिती क्लॉड शॅनन यांनी १९४९ साली हा विचार पक्क्या गणितात मांडला: किती अक्षरांचा मजकूर हाती असला की एकच उत्तर शिल्लक राहतं. साध्या सरकवण्याला तत्त्वतः दोनेक अक्षरांनंतरच पर्याय भराभर गळू लागतात. इंग्रजीत प्रत्येक अक्षराला मनाला येईल ते दुसरं अक्षर दिलं असेल, तर साधारण २५ ते ३० अक्षरं लागतात.

म्हणून कुणी तीन अक्षरांचा शब्द आणून त्यात अमुक माणसाचं नाव दडलंय म्हणायला लागला, तर त्याला एवढंच विचारावं की किती प्रकारे सरकवून पाहिलंस? आधी पुढे, मग मागे, मग शब्द उलटा करून, मग एक अक्षर गाळून… अशा वाटा वाढवत नेल्या की कुठल्याही दुकानाच्या पाटीतून काहीही निघतं.

पट्टीवर न बसणारे संकेत

३३ जागा तपासल्या आणि काहीच निघालं नाही तर? मग एक तर वर्णमाला वेगळी धरलेली आहे, किंवा हा सरकवण्याचा प्रकारच नाही.

आपल्याकडे जोड्यांची अदलाबदल जुनी आहे. कामसूत्रात सांगितलेल्या ६४ कलांत ‘म्लेच्छितविकल्प’ नावाची एक कला आहे, म्हणजे मुद्दाम दुर्बोध केलेलं बोलणं-लिहिणं. त्यावरच्या यशोधराच्या ‘जयमंगला’ टीकेत ‘मूलदेवीय’ नावाचा संकेत दिलेला आहे: अ आणि क यांची अदलाबदल, ख-ग, घ-ङ, च-ट, त-प, न-म, ञ-ण, य-श, र-ष, ल-स. या हिशेबाने ‘पुणे’ चं होईल ‘तुञे’. इथे सरकवायला काही नाही, जोड्या पाठ असल्या की झालं. त्यातच त्याची कमजोरीही आहे. किल्ली बदलताच येत नाही, एकाला कळलं की सगळ्यांचंच फुटलं.

महानुभाव पंथाने तर ग्रंथच्या ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. सकळ, सुंदरी अशी त्यांची नावं. सकळ लिपीत देवनागरी अक्षरांच्या जागी दुसरी अक्षरं आणि चिन्हं येतात. हेतू साहित्य परक्यांच्या हाती पडू नये एवढाच होता, पण परिणाम असा झाला की लीळाचरित्रासारखं तेराव्या शतकातलं मराठी गद्य पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला कित्येक शतकं ठाऊकच नव्हतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्या अभ्यासकांच्या खटपटीतून ते उलगडत गेलं. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं करणारे ते हेच राजवाडे.

अक्षराला कुठलंही अक्षर द्यायची मुभा असली की शक्यतांची संख्या ३३ राहत नाही, ३९ आकडी होते. एकेक तपासणं कुणाच्या बापाला जमणार नाही. तिथे दुसरीच युक्ती लागते, आणि ती नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदीने लिहून ठेवली आहे: मोजा. प्रत्येक भाषेत काही अक्षरं सतत येतात, काही क्वचित. संकेत केल्याने अक्षराचा चेहरा बदलतो, त्याची हजेरी बदलत नाही. मराठीत ङ आणि ञ सुटे जवळजवळ येतच नाहीत, आणि झ, ढ, ष बेताने. तेव्हा मजकुरात ङ, ञ चा सुळसुळाट दिसला की समजावं, इथे दुसरंच कुणी त्यांचे कपडे घालून बसलंय. काना तर इतका येतो की मात्रा बदललेल्या असल्या तरी तो आधी सापडतो. त्यात ‘च्या’, ‘ला’, ‘आहे’, ‘आणि’ हे नेहमीचे भिडू ओळखता आले की हळूहळू बाकीची अक्षरं पडत जातात.

मोजल्यावर हजेरी अगदी नेहमीच्या मराठीसारखी निघाली आणि तरीही वाचता येत नसेल, तर अक्षरं बदललेली नाहीत, जागा बदललेल्या आहेत. याचा नमुना आपण शाळेत बोललेलो आहोत. ‘च’ ची भाषा: शब्दाचं पहिलं अक्षर शेवटी न्यायचं आणि पुढे च लावायचा. ‘तुला’ चं ‘चलातु’, ‘मला’ चं ‘चलाम’. इथे कितीही पट्ट्या सरकवा, काही हाती लागणार नाही. पण सगळेच शब्द च ने सुरू होताहेत, एवढी एकच गोष्ट सगळं सांगून जाते.

सरकवण्याच्या पद्धतीला खरा जीव आला तो प्रत्येक अक्षराला वेगळी सरक देण्याने. पहिलं अक्षर दोन घरं, दुसरं पाच, तिसरं एक, मग पुन्हा दोन, पाच, एक. तीन घरांच्या साध्या संकेतात ‘काका’ चं ‘घाघा’ होतं आणि दोनदा तेच अक्षर आलंय हे लगेच दिसतं. नव्या पद्धतीत होतं ‘गाचा’. काका गायब. १५५३ साली इटलीतल्या बेलासोने हे छापून प्रसिद्ध केलं, आणि नाव मात्र पुढे फ्रान्सच्या व्हिजनेरचं झालं. तीनशे वर्षं हा संकेत अभेद्य समजला जायचा. १८६३ साली प्रशियाच्या लष्करातले निवृत्त अधिकारी कासिस्की यांनी तो कसा फोडायचा ते छापलं. सरकांचा क्रम ठरावीक अंतराने पुन्हा सुरू होतो, म्हणून लांब मजकुरात तोच शब्द त्याच सरकांखाली कधीतरी पुन्हा सापडतो. दोन सापडण्यांमधलं अंतर किल्लीच्या लांबीच्या पटीत असतं, अशी काही अंतरं मोजली की ती लांबी काढता येते, आणि मग उरतात ते नुसते सीझरचेच संकेत, एकमेकांत विणलेले.

एवढं सगळं होऊन गेल्यावरही सीझर मेला नाही. २००६ च्या एप्रिलमध्ये सिसिलीचा माफिया बर्नार्डो प्रोव्हेन्झानो पकडला गेला. तो माणसांची नावं आपल्या चिठ्ठ्यांत आकड्यांनी लिहायचा: ए साठी ४, बी साठी ५, असं पुढे. अक्षराचा क्रमांक, अधिक तीन. चाळीसहून जास्त वर्षं फरारी राहिलेला माणूस, आणि संकेत आपल्या अंकगणिताच्या पुस्तकातल्या ओळीइतकाच.

पट्ट्या कापल्याच असतील तर ही ओळ घ्या. मात्रा जागच्या जागी आहेत, क्ष फोडलेला आहे, घरं ३४. सरक तीन नाही आणि सतराही नाही. दुसऱ्या शब्दाच्या शेवटी एक नेहमीचा प्रत्यय आहे, तिथून सुरुवात केली तर पट्टी एकदाच सरकवावी लागेल. ‘हाळू’ कडे बघून ‘हळू’ समजू नका.

हच्ख्शी सग्प्षाळस जादी हाळू मचोग